नवी म्हणून घेतलेली डिस्क आणि तिच्यात निघालेली कुणाची तरी हळद

मी फोटोग्राफर. लग्न, मुंज, बारसं, आणि हल्ली पोटापुरते पासपोर्ट फोटो नि आधार कार्डाच्या प्रिंटा. सांगलीत माझा स्टुडिओ आहे तो भाग ऑगस्ट २०१९च्या महापुरात पाण्याखाली होता. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. निगेटिव्हच्या पेट्या, अल्बम, सीड्या, सगळ्याचा चिखल झाला. कॉम्प्युटर वाचला तो पोरानं आदल्या रात्री कॅबिनेट उचलून माडीवर नेलं म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं की उरलंय ते तरी दोन ठिकाणी ठेवायचं. करू करू म्हणता सहा वर्षं गेली.

कॉम्प्युटर २०१२चा. सेकंड जनरेशनचा आय फाइव्ह प्रोसेसर, एच ६१ प्रकारचा मदरबोर्ड. मध्ये कधीतरी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम वाढवली, त्यामुळे फोटोचं काम अजून करतो. फोटो मात्र सगळे मूळच्या ५०० जीबीच्या डिस्कवर, आणि ती गच्च भरलेली. त्यामुळे मे २०२५मध्ये लग्नसराईचे पैसे हातात आले तसं कॅबिनेट स्कूटरवर पुढं घेतलं नि बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. नाव लिहून भांडण लावायचं नाही मला, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही गावातल्या दुकानाला लागू पडेल.

चार टीबीच्या, म्हणजे साधारण चार हजार जीबीच्या, दोन डिस्क घ्यायच्या ठरल्या. एकीवर काम, दुसरीवर तिचीच नक्कल. दुकानदार तिशीतला, बोलायला गोड. "काका, डबा पॅक घ्याल तर महाग पडंल. ट्रे पॅक देतो. माल तोच, कंपनी असेंबलवाल्यांना देती त्यातला. डबा काय चाटायचाय?" चंदेरी पिशवीत दोन डिस्क, पिशवीला सील, वर दुकानाचा स्टिकर, 'एक वर्ष वॉरंटी'. एकीचे ६,८०० रुपये. त्याच मॉडेलची किंमत ऑनलाइन बरीच जास्त दिसत होती, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, ओळखीचा फायदा झाला. ओळख म्हणजे काय, तर दोनदा माउस घेतला होता त्याच्याकडून.

ट्रे पॅक हा प्रकार खोटा नसतो हेही सांगतो. कंपन्या खरंच असा सुटा माल कॉम्प्युटर बनवणाऱ्यांसाठी काढतात. फक्त त्यावर गिऱ्हाइकाला कंपनीची वॉरंटी मिळेलच असं नाही, आणि डबा नसल्यामुळं नवं काय नि वापरलेलं काय, हे पिशवीवरून कळायला मार्ग राहत नाही.

आता पहिली चलाखी. त्यानं डिस्क जोडली, विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं, दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. "बघा काका. मदरबोर्ड जुना हाय. दोनाच्या वर घेईना." खरंच, डिस्कचे दोन तुकडे दिसत होते. २०४८ जीबीचा एक, आणि उरलेली १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली, 'अनअलोकेटेड' म्हणून. पांढऱ्यावर काळं दिसल्यावर मी काय बोलणार? मग त्यानं कपाटातून एक छोटं कार्ड काढलं. साटा कार्ड, म्हणजे डिस्क जोडायला जादा पोर्ट देणारं, १,४५० रुपये. शिवाय म्हणे, तुमच्या बोर्डवरचे पोर्ट जुन्या स्पीडचे, डिस्क रांगत चालेल, कार्ड लावलं की पळेल. कार्ड बसवलं, परत क्लिक केलं, आणि अख्खी चार टीबी दिसायला लागली. मी खूश. चहाही पाजला त्यानं.

यातली मेख मला तीन महिन्यांनी कळली. नवी डिस्क पहिल्यांदा जोडली की विंडोज विचारतं, एमबीआर की जीपीटी? डिस्कचे भाग कसे पाडलेत याची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. एमबीआर ही जुनी. तिच्यात डिस्कच्या जागा मोजायला ३२ बिटांचाच आकडा असतो, त्यामुळं २०४८ जीबीच्या पुढं तिला मोजताच येत नाही. जीपीटी निवडलं की ही अडचण संपते. एसएसडीवर विंडोज असेल आणि मोठी डिस्क नुसती फोटो ठेवायला असेल, तर बारा-तेरा वर्षांच्या मदरबोर्डलाही जीपीटी डिस्क चालते. त्यानं मुद्दाम एमबीआर निवडून मला 'मदरबोर्ड नाही म्हणतोय' असं दाखवलं, कार्ड खपवलं, नि मग गुपचूप जीपीटी केलं. स्पीडचंही तसंच. माझ्या बोर्डवरचे चारही पोर्ट जुने, सेकंदाला साधारण ३०० एमबीपर्यंतचे. पण फिरणारी चार टीबीची डिस्क मुळात तेवढ्या वेगानं वाचतच नाही. पोर्ट मोकळे होते. एकही पैसा खर्च न करता काम झालं असतं.

(एका बाबतीत मात्र दुकानदारांना उगाच शिव्या बसतात. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते. ती चोरी नव्हे. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज १०२४च्या. त्यावरून भांडायला जाऊ नका, हसं होतं.)

पॉवरच्या वायरी कमी पडल्या म्हणून दोन जोड-वायरी घेतल्या, तीनशे रुपये. फिटिंगचे पाचशे. "एसएमपीएस पण बदला" म्हणाला, म्हणजे कॅबिनेटला वीज पुरवणारा डबा, तेवढं मी ऐकलं नाही. आणि जुनी ५०० जीबीची डिस्क? तिच्यातले फोटो त्यानंच नव्या डिस्कवर उतरवून दिले आणि म्हणाला, "ही ठेवून काय लोणचं घालताय? द्या एक्स्चेंजमधी, चारशे कमी करतो." मी दिली. सगळे मिळून झाले १५,४५०. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटीचं बिल पायजे तर अठरा टक्के वाढंल." चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. पैसे मी फोनवरून पाठवले, ते गेले त्याच्या भावाच्या खात्यावर.

जून-जुलै बरा गेला. ऑगस्टमध्ये फोल्डर उघडायला वेळ लागायला लागला. कधी कधी कॅबिनेटमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा, पालीसारखा. मला वाटलं, कॉम्प्युटरच जुना, चालायचंच.

गणपतीला पुण्याहून भाचा आला. तो सर्व्हरच्या कामात आहे. आरती चालली होती आणि याचं लक्ष आत, टकटकीकडं. आरती संपल्यावर मोदक हातात घेऊनच तो कॉम्प्युटरसमोर बसला. "मामा, ही डिस्क नवीन आहे?"

त्यानं क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि हे सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा खराब होऊन बदलल्या. माझ्या पहिल्या डिस्कपुढं पिवळा रंग. सी५ नावाच्या ओळीत ३० आकडा. मी म्हटलं, तीसच ना? तर म्हणाला, हे सोळाच्या पाढ्यातले आकडे आहेत मामा, तिथले ३० म्हणजे आपले ४८. अठ्ठेचाळीस जागा अशा की डिस्कला त्या वाचता येत नाहीयेत. आणि हा आकडा वाढत जातो.

पण चाललेले तास दिसत होते ९३०. मे ते ऑगस्ट, रोज दहा-एक तास, हिशोब बरोबर. म्हणजे डिस्क नवीच होती आणि नशीब फुटकं, असं मला वाटलं. भाचा गप्प. त्यानं डिस्क बाहेर काढून खिडकीपाशी नेली. स्क्रूच्या भोकांत आटे घासलेले. केबल बसते त्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, एकदा केबल लावून पडतील त्याहून कितीतरी जास्त. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, वॉरंटी कधीच संपलेली.

मग त्यानं सांगितलं की जानेवारी २०२५मध्ये जर्मनीत हेच प्रकरण गाजलं होतं. सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या वापरलेल्या डिस्क तिथल्या दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्या. संशय असा की त्यातल्या बऱ्याच चिया नावाच्या क्रिप्टोसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आभासी चलनासाठी, राबवलेल्या होत्या. त्या प्रकारात डिस्कवरची नुसती जागा अडवून कमाई होते, धंदा बसला की डिस्क बाजारात. विकणाऱ्यांनी स्मार्टमधले तास पुसून शून्य केले होते. मोटारीचं मीटर मागं फिरवतात ना, तसं. पण सीगेटच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, तिच्यावरून ते उघडं पडलं. माझी डिस्क त्याच कंपनीची निघाली. फसवणारी कंपनी नव्हे, हे नीट लक्षात घ्या. तिच्या नावावर कुणीतरी मधल्यानं हात मारलेला. ती नोंद वाचायला स्मार्टसीटीएल हे फुकटचं साधन लागतं, आवृत्ती ७.४ किंवा पुढची. भाच्यानं ते चालवलं.

२१,४८० तास. रोज बारा तास धरले तरी पाच वर्षांला थोडे कमी. दुसरी डिस्क तिची धाकटी बहीण, सतरा हजारांच्या वर.

मी खुर्चीत बसून राहिलो. भाचा म्हणाला, "आणि मामा, दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये? पूर आला तर दोन्ही सोबतच पोहणार." तो टोमणा खरा होता आणि त्या क्षणी मला अजिबात नको होता.

त्याच रात्री त्यानं आधी माझे फोटो स्वतःच्या पोर्टेबल डिस्कवर काढून घेतले. मग म्हणाला, बघूया हिनं आधी कुणाचं मीठ खाल्लंय. फोटोरेक म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, पुसलेल्या डिस्कवरून फोटो उकरून काढतं. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी बघतो तर हजारो फोटो. अर्धे माझे, आणि अर्धे अनोळखी. हळद. पिवळ्या साडीतली मुलगी, मागं मांडव, करवल्या, कुणाची तरी आजी डोळे पुसतेय. शे-दीडशे आधार कार्डं, पुढून आणि मागून. तास पुसणाऱ्याला फोटो पुसायचं सुचलं नव्हतं. नुसतं क्विक फॉर्मॅट मारलं होतं, त्यात खरं तर काहीच जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. पुस्तक तसंच असतं.

हळदीच्या फोटोंवर कोपऱ्यात एका स्टुडिओचं नाव होतं. शेजारच्या तालुक्यातला. फोन नंबरसकट.

दुकानात गेलो. आधी, "काका, कंपनीचं टेस्टिंग असतंय त्ये." मी विचारलं, कंपनी टेस्टिंगला माणसांची लग्नं लावते काय? मग, "आम्हाला वरनंच असा माल येतो." मग, "बिल दाखवा." बिल त्यानंच दिलं नव्हतं. इथं मला एकच गोष्ट उपयोगी पडली. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, तारखेसकट, आणि त्या दिवशी त्यानंच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज, 'न्यू ४ टीबी २ नग रेडी'. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं तक्रार नोंदवली. बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं मी त्याला गिऱ्हाइकांसमोर, आवाज न चढवता सांगितलं. दोन हप्त्यांत दहा हजार परत आले. कार्ड, वायरी, फिटिंग गेले ते गेले. त्या वायरींतली एक पुढं गरम लागायला लागली. प्लास्टिक ओतून बनवलेला जोड होता, असल्या जोडांना आतून शॉर्ट होऊन जळायची खोड असते. मागून वायरी सुट्या दिसतात, दाबून बसवलेल्या असतात, तशा घ्या.

दहा हजार हातात आल्यावर निघता निघता मी म्हटलं, आता माझी जुनी डिस्कही दे. ५०० जीबीची.

"ती कुठली आता? तवाच लॉटमधी गेली."

लॉट कुठं जातो हे त्यानं सांगितलं नाही. मी त्या डिस्कवर काय काय होतं ते आठवत घरी आलो. २०१२पासूनच्या सगळ्या गिऱ्हाइकांची लग्नं. आधार कार्डं, पॅन कार्डं, शाळेच्या पोरींचे फोटो. त्यानं फोटो उतरवून घेतल्यावर मी तिच्यावरचे फोल्डर स्वतःच्या हातानं डिलीट केले होते, आणि पुसलं असं समजलो होतो. विंडोजमध्ये फॉर्मॅट करताना 'क्विक'ची खूण काढली तर डिस्कवर सगळीकडं शून्यं लिहिली जातात, वेळ लागतो पण पुसलं जातं. ही खूण कुठं असते ते आता झोपेतही सांगेन.

चार दिवस घातले आणि मग त्या शेजारच्या तालुक्यातल्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. धंद्यातलाच माणूस, बोलायला सोपं गेलं. तुमच्या एका हळदीचे फोटो माझ्याकडच्या डिस्कवर निघालेत, म्हटलं. आधी त्याला वाटलं मी पैसे मागतोय. मग सगळं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

"त्ये जुनं मशीन इकलं की मी. नवीन घेतलं तवा एक्स्चेंजमधी."

"कुठं?"

त्यानं दुकानाचं नाव सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या डिस्कचं किती दिलं त्यानं?"

"चारशे."

"मला अडीचशेच दिलं," तो म्हणाला.