2013 ची वॅगनआर: घाटात कण्हते, पण चढते

2021 मध्ये घेतली तेव्हा गाडी 62 हजार किलोमीटर चालली होती, आज काटा 1 लाख 8 हजारांवर आहे. कराड-चिपळूण ही माझी नेहमीची वाट, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. तीन सिलिंडरचं 998 सीसी इंजिन. चौघं बसलो आणि मागे आंब्याच्या पेट्या टाकल्या की दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागतं, पण अडत नाही. इंजिनाच्या टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. बेल्ट बदलण्याचा तो एक खर्च वाचला. ॲव्हरेज घाटासकट सोळा.

पहिल्याच वर्षी क्लच प्लेट बदलावी लागली. आधीचे मालक सदान्‌कदा अर्ध्या क्लचवर चालवत असणार. पेडल पार वर आल्याशिवाय गाडी हलत नव्हती, हे चालवून बघतानाच कळायला हवं होतं. मी म्युझिक सिस्टीमवर भाळलो! पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश दोनदा बदलले, ती रस्त्यांची कृपा. वाटेत बंद पडली ती एकदाच, उंदराने वायर कुरतडली म्हणून.

खरा मनस्ताप कागदांचा. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता, एजंट बोललाच नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हाती येईपर्यंत दोन महिने गाडी माझ्या नावावर झाली नाही. टोकन देण्याआधी आरसी नीट वाचा.

2028 ला पंधरा वर्षं भरतील, मग आरटीओत फेरनोंदणी. तोवर विकायची नाही. बायकोचं म्हणणं एवढंच, रंग तेवढा मारून घ्या.