थाय बॉक्सिंगसाठी अँकल सपोर्ट अन् टेप, ९ महिने वापरून काय वाटलं ते

आधीच सांगतो, मी काय फायटर बियटर नाही. लातूरला मेडिकलवर काउंटरला असतो, दिवसभर उभं राहायचं काम, अन् रात्री ८ ला सुटलो की आठवड्यातले ४ दिवस थाय बॉक्सिंगचा क्लास. गंजगोलाईपासून गाडीवर दहा मिनिटं, वर पत्रा, खाली एकमेकांत अडकवायच्या त्या फोमच्या मॅट, अन् दोन मॅटच्या मधी फट पडतेच. त्याच फटीत फेब्रुवारीत माझा पाय गेला. किक मारून पाय खाली ठेवला अन् डावा घोटा आतल्या बाजूला पार दुमडला. बसलो ते उठलोच नाही.

डॉक्टर म्हणले हाड शाबूत आहे, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलंय, तीन आठवडे लाथा बंद. माय रोज रात्री आंबेहळदीचा लेप लावायची अन् "आता तरी बस कर की रं, कुणाला मारूलालास तू" म्हणायची. तीन आठवडे मुकाट ऐकलं.

परत सुरू करायच्या आधी घोट्याचा सपोर्ट घ्यायला बाजारात गेलो, दुकानदार म्हणला कबड्डीवाले हेच नेतात, घ्या. जाडजूड, टाचेखालून पट्टा, वरून वेल्क्रो. घोटा धरून ठेवतो यात शंका नाही. पण थाय बॉक्सिंगला राऊंड किक, म्हणजे बाजूनं फिरवून लाथ मारताना ज्या पायावर उभं आहे तो चवड्यावर फिरवावा लागतो, तो फिरला नाही की सगळा पीळ गुडघ्यात जातो, अन् या पट्ट्यामुळं माझा पाय अर्ध्यातच अडकायचा. शिवाय वेल्क्रोची कड पार्टनरच्या बरगडीवर घासली, सरांनी त्याच दिवशी काढायला लावला. दोन आठवड्यात संपला विषय.

मग ऑनलाईन ती थाय पद्धतीची मागवली, म्हणजे नुसती इलॅस्टिकची नळी, बोटं उघडी, टाच उघडी. फेअरटेक्स, ट्विन्स हे थायलंडवाले पण याच तऱ्हेची बनवतात. प्रोफेशनल फाईटमधी पण पायात एवढीच चालते, नडगीवरचं शिनगार्ड नाही, धातूचं तर काहीच नाही.

आता मुद्द्याचं. ही घातल्यानं घोटा मुरगळायचा थांबतो का? नाही. घरी करून बघा, खुर्चीत बसा, सपोर्ट घाला अन् हातानं पाऊल आत वळवा. जेवढं बिनासपोर्टचं वळतं तेवढंच वळतंय. कापडाची नळी आहे ती, लिगामेंटचं काम कसं करणार. तरी पण मी ९ महिने रोज घालतोय, कारण एक तर घोटा गरम राहतो, हिवाळ्यात दुखऱ्या पायाला लई फरक पडतो, अन् दुसरं म्हणजे ती दाबून धरते त्यामुळं पाऊल नेमकं कसं पडायलंय याचं भान राहतं. तिसरं, मॅटवर घासून पायाच्या वरची कातडी जायची ती आता जात नाही. बास. एल्बो पॅडवर पाय आदळला तर आजही तेवढंच बोंबलायला होतं.

खरा धरतो तो टेप. आमच्या दुकानातलीच झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी, न ताणणारी, दीड इंची. बरेच पोरं क्रेप बँडेज गुंडाळून येतात, त्यांना मी रोज सांगतो की बाबा ते सूज दाबायला असतंय, दहा मिनिटं उड्या मारल्या की गळून चवड्यावर येतं अन् त्याच्यावरच घसरून पडशील. टेप लावताना पाऊल काटकोनात वर ओढून ठेवायचं, खाली लोंबतं ठेवून लावलं तर सगळं वाया. घोट्याच्या चार बोटं वर एक वेढा, मग आतल्या बाजूनं सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत तीन पट्ट्या, अर्धी अर्धी एकमेकीवर चढवत. ही दिशा उलटी झाली तर पाय आणखी आत ओढला जातो, मी पहिल्यांदा उलटीच लावली होती. त्याच्यावर इंग्रजी आठसारखे दोन वेढे अन् टाचेला आडवी एक. चवड्याला काही लावायचं नाही, तिथं फिरायचंय. नंतर अंगठ्याचं नख दाबून सोडायचं, रंग लगेच परत आला पाहिजे, नाही आला तर घट्ट झालंय, काढा. केस काढल्याशिवाय लावू नका, उतरवताना देव आठवतो.

पण टेप घामात टिकत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली अर्ध्या तासात सैल. म्हणून मी आता पॅडवर लाथा मारायला अन् शॅडोला, म्हणजे हवेतल्या सरावाला, नुसता सपोर्ट घालतो, स्पारिंग म्हणजे जोडीदारासोबत सरावाची लढत असेल तरच टेप अन् त्याच्यावर सपोर्ट चढवतो, म्हणजे टेपच्या कडा उचलत नाहीत. रोज टेप परवडत पण नाही, दुकानात असून सांगतोय.

एक येडेपणा सांगून ठेवतो. मिथाइल सॅलिसिलेटवालं मालिशचं तेल भरपूर चोळलं अन् वरून सपोर्ट घातला. दिवसा ४२ डिग्री झालेलं. दुसऱ्या राऊंडला घोटा असा पेटला की नळाखाली पाय धरून बसलो, दोन दिवस कातडी लाल. तेल लावलं तर वरून काही घट्ट घालू नका.

धुण्याचं बघा. आमच्याकडं बोअरचं पाणी, जड, अन् २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यायलेलं गाव हे, त्यामुळं रोज धुवायची चैन पण नाही. पहिले दोन महिने जड पाण्यात धुऊन गच्चीवर उन्हात वाळवली, इलॅस्टिक पापडासारखं कडक. आता आरओचं जे पाणी वाया जातं ते वापरत नाही, ते तर आणखी जड असतंय, एक तांब्या प्यायच्या पाण्यातलाच घेतो अन् सावलीत टाकतो. न धुता बॅगेत ठेवली की काय वास येतो ते लिहीत नाही.

साईझला फसू नका. मी एल घेतली, सैल पडली, दर राऊंडला वर ओढायची. एम घ्यायला पाहिजे होती.

अन् हो, नंतर पाय परत मुरगळला नाही त्याचं श्रेय मी सपोर्टला देत नाही. फिजिओनं सांगितलं होतं एका पायावर उभं राहायची सवय कर, मग मी काउंटरच्या मागं गिऱ्हाईक नसताना डाव्या पायावर उभा राहतो, मिनिटभर, मग डोळे झाकून. एक आज्जी गोळ्या घ्यायला आल्या अन् म्हणल्या, "लेकरा, नवस केलाय का काय?" त्यांना काय सांगणार.

सध्या डाव्या पायातली पार ढिली झालीय, उजव्या पायातली अजून चांगली आहे. यात डावं उजवं काही नसतं, पण एकटी कुणी विकत नाही. एमची जोडी मागवलीय, उद्या परवा येईल.