गाडीच्या रंगासाठी कुठली बाटली घ्यावी? वॉटरलेस वॉश, स्प्रे वॅक्स, सिरॅमिक स्प्रे आणि पॉलिश यांची तुलना

ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की काउंटरमागे एकसारख्या दिसणाऱ्या ट्रिगरच्या बाटल्यांची रांग असते. प्रत्येकीवर चकचकीत बॉनेटचा फोटो आणि प्रत्येकीवर 'शाइन'. किमती मात्र दोन-तीनशेपासून थेट दीड-दोन हजारांपर्यंत. दुकानदार विचारतो, "कुठली कंपनी देऊ?" माझं म्हणणं असं, की कंपनीचा विचार सगळ्यात शेवटी करा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि ती धुवायला कुठलं पाणी मिळतं, या दोन गोष्टींवर तुमची बाटली ठरते.

आधी रंगाबद्दल थोडं. आजकालच्या गाडीवर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. आपण ज्याला हात लावतो, ज्याच्यावर चरे पडतात आणि जो चमकतो, तो हा क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीला एकच प्रश्न विचारायचा: ही क्लिअर कोटवर काही चढवते, की त्यातलं काही खरवडून नेते?

धूळ काढण्यासाठी: वॉटरलेस, रिन्सलेस की क्विक डिटेलर

सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी झाली, टँकर सुरू झाले, की वॉटरलेस वॉशची आठवण होते. फवारा मारा, पुसा, झालं. त्यातले साबणी आणि बुळबुळीत घटक धुळीच्या कणाला वेढतात आणि तो रंगावर न घासता फडक्यात येतो, असा हिशेब. बेसमेंटमधल्या गाडीवर दोन दिवसांची पातळ धूळ असेल तर हा हिशेब बरोबर जमतो. पण गाडी रस्त्यालगत उभी असेल, शेजारी बांधकाम चालू असेल किंवा तुम्ही कोकणातून लाल मातीचा थर घेऊन आला असाल, तर वॉटरलेस वॉशला हात लावू नका. तितकी माती कुठलाही फवारा पेलत नाही. फडकं फिरतं तसं ती माती फिरते आणि पुढच्या उन्हात बॉनेटवर कोळिष्टकासारखी बारीक गोल जाळी दिसायला लागते. काळ्या गाडीवर तर दुरूनही दिसते.

खर्चाचं गणितही पाहा. एका हॅचबॅकला वॉटरलेस वॉश सढळ हातानेच मारावा लागतो, 150 ते 200 मिली सहज जातं. अर्ध्या लिटरची बाटली दोन-तीन धुण्यांत संपते. कंजूषपणा केलात तर चरे.

त्यापेक्षा रिन्सलेस वॉश मला सरस वाटतो. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. ते घट्ट द्रावण असतं. अर्ध्या बादलीत, म्हणजे सात-आठ लिटर पाण्यात, 30 मिलीच्या आसपास टाकायचं, त्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने एकेक भाग पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. वरून पाणी ओतावं लागत नाही. तेवढ्याच आकाराची बाटली पंधरा-सोळा वेळा पुरते. धुळीचा थर जाड असेल तर आधी झारीने किंवा पंपाने नुसतं पाणी मारून माती खाली जाऊ द्या, मग फडकं लावा. पाणीटंचाईच्या शहरात ही पद्धत जास्त लोकांनी उचलायला हवी होती, असं मला वाटतं.

क्विक डिटेलर हा या दोघांचा धाकटा भाऊ. मेग्वायर्सचा 'अल्टिमेट क्विक डिटेलर' किंवा तसलंच काही. धुतलेल्या गाडीवरचे बोटांचे ठसे, पाण्याचे ताजे थेंब, दरवाजावर नुकतीच पडलेली पक्ष्याची शीट, एवढंच त्याचं काम. शीट मात्र थांबवून ठेवू नका. तिच्यातलं आम्ल आणि दुपारचं ऊन मिळून क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडतात. ओलं फडकं मिनिटभर तिच्यावर ठेवून द्यायचं, मग उचलून घ्यायचं. घासायचं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि बोटं तशीच वाळू देण्याची पद्धत आहे. कुंकू कोरडं न घासता क्विक डिटेलरने भिजवून उचला. पांढऱ्या बंपरवर हळदीचा पिवळा डाग राहिला तर त्यासाठी रबिंग करू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका पडतो. दोन-चार दिवस गाडी उन्हात उभी राहू दे.

आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपावर आणि काचेवर पडतो. तो साखरेचाच प्रकार, त्यामुळे कोमट पाण्यात विरघळतो. तिथे महागडा स्प्रे वाया जातो. आठ-पंधरा दिवस तसाच ठेवलात तर त्याच्यावर काळी बुरशी धरते आणि मग खरी मेहनत.

चमक आणि संरक्षण: स्प्रे वॅक्स की सिरॅमिक स्प्रे

खरा गोंधळ इथे आहे आणि पैसेही इथेच जास्त जातात.

स्प्रे वॅक्समध्ये कार्नोबा नावाचं मेण आणि सिलिकॉनची तेलं असतात. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. नुसतं मेण 80 अंशांच्या पुढे वितळतं, पण बाटलीत ते पातळ करून, तेलात मिसळून येतं, त्यामुळे आपल्या मे महिन्यात त्याची तग धरण्याची ताकद खूपच कमी होते. उघड्यावरच्या गाडीवर दोन-तीन आठवडे, सावलीतल्या गाडीवर महिनाभर, एवढीच अपेक्षा ठेवा. बदल्यात तीन गोष्टी मिळतात: लावायला अतिशय सोपं, चुकलं तरी डाग राहत नाही, आणि लाल, मरून, गडद निळ्या रंगाला जो ओलसर उबदारपणा येतो तो दुसऱ्या कशाने तितका येत नाही. डबीतलं घट्ट वॅक्स, उदाहरणार्थ फॉर्म्युला वनचं कार्नोबा पेस्ट वॅक्स, याहून जास्त टिकतं. पण ते लावणं, सुकू देणं आणि पुसणं म्हणजे रविवारची सकाळ गेली.

सिरॅमिक स्प्रेमध्ये सिलिका आणि कृत्रिम पॉलिमर असतात. टर्टल वॅक्सचा 'हायब्रिड सोल्यूशन्स सिरॅमिक स्प्रे कोटिंग' आपल्याकडे सहज मिळतो, इतरही बरेच आहेत. तो रंगाला मेणापेक्षा जास्त घट्ट धरतो, शाम्पूने लवकर निघत नाही, पावसाचं पाणी टपावरून घरंगळून जातं. बाटलीवर वर्षभराचे आकडे असतात. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि रोज चालणाऱ्या गाडीवर मी तीन-चार महिन्यांच्या पुढे भरवसा ठेवणार नाही. तरीही स्प्रे वॅक्सच्या तुलनेत ते पुष्कळच झालं. एका गाडीला 30-40 मिली पुरतं, म्हणून महाग बाटलीही महिन्याच्या हिशेबात स्वस्त पडते.

पण त्याचे दोन हट्ट आहेत. पहिला, खाली रंग खरोखर स्वच्छ हवा. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. रेतीसारखं खरखरीत लागलं तर वर डांबर, लोखंडाची पूड, सिमेंट असं काहीतरी चिकटलेलं आहे. क्ले बारने, म्हणजे ओल्या रंगावरून फिरवायच्या चिकणमातीसारख्या मऊ वडीने, ते काढल्याशिवाय सिरॅमिक स्प्रे लावणं म्हणजे घाण सीलबंद करणं. दुसरा हट्ट, तो लावायला सावली आणि गार पत्रा लागतो. फडक्यावर दोन फवारे, एका वेळी अर्धा दरवाजा, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसणं. तापलेल्या बॉनेटवर मारलात तर तो जागच्या जागी सुकतो आणि ढगाळ पट्टे राहतात. त्यानंतर एक रात्र तरी गाडी कोरडी राहायला हवी.

बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. पाण्याचे मोत्यासारखे थेंब उभे राहणं हीच सिरॅमिकची जाहिरात. पण त्या थेंबात क्षार असतील आणि ऊन कडक असेल, तर प्रत्येक थेंब सुकून पांढरं गोल कडं ठेवून जातो. सपाट पसरून वाहून गेलेलं पाणी इतके ठळक डाग टाकत नाही. म्हणजे पाणी जड असेल आणि धुतल्यावर लगेच पुसणारं कुणी नसेल, तर सिरॅमिक स्प्रेमुळे गाडी आधीपेक्षा घाण दिसू शकते! ताजे डाग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. जुने झाले की पॉलिशवरच जातात.

मुंबई, पनवेल, रत्नागिरीच्या बाजूला, जिथे चार महिने गाडी ओलीच असते, तिथे माझं मत सरळ सिरॅमिक स्प्रेच्या बाजूने. मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी एकदा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा एकदा. नागपूर-अकोल्याकडे, उघड्या पार्किंगमध्ये, तोच स्प्रे पण उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि पहाटे. बेसमेंटमध्ये राहणारी, आठवड्यातून दोनदा निघणारी गाडी असेल तर सिरॅमिकचा आग्रह कशाला? स्प्रे वॅक्स लावा, मजा घ्या.

पॉलिश

वर सांगितलेलं सगळं रंगावर काहीतरी चढवतं किंवा रंगावरून काही उचलतं. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड मात्र क्लिअर कोट झिजवतात. त्यात बारीक अपघर्षक कण असतात आणि चऱ्याच्या आजूबाजूचा भाग खाली आणून ते चरा दिसेनासा करतात. एका साध्या फेरीत एक-दोन मायक्रॉन जातात, कडक कंपाउंडने आणि मशीनने त्याहून जास्त. म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला 'रबिंग-पॉलिश करून देऊ का?' असं विचारलं की नम्रपणे नाही म्हणावं. गाडी दोन-तीन वर्षांची झाली, जाळी उन्हात डोळ्यांत यायला लागली, की एकदा करा. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर पॉलिशने तो जाणार नाही, तिथे टचअप लागतो.

'क्लीनर वॅक्स' नावाच्या बाटल्या मधल्या आहेत: थोडं घासतात आणि मागे मेण ठेवतात. जुन्या, निस्तेज झालेल्या पांढऱ्या गाडीला त्या छान काम देतात. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीवर लावताना फडक्यावर गाडीचा रंगच येतो. घाबरू नका, तिथे क्लिअर कोट नाहीच, पण हात हलका ठेवा.

सर्व्हिस सेंटरची 'टेफ्लॉन कोटिंग' या यादीत कुठे बसते? टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं आणि पत्र्याला पक्कं चिकटवायला तसलीच भट्टी लागते. पार्किंगच्या शेडमध्ये तासाभरात जे लावलं जातं ते एक बरं सीलंट, म्हणजे रंगावरचा कृत्रिम संरक्षक थर, असतं. त्याच पैशात सिरॅमिक स्प्रेच्या दोन बाटल्या आणि डझनभर फडकी येतात.

फडक्यांवर पैसे वाचवू नका. 350-400 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) मायक्रोफायबरची सहा घ्या, चौपदरी घडी घातली की एका फडक्याला आठ स्वच्छ बाजू मिळतात. रोज सकाळी येणारा गाडी पुसणारा एकाच बादलीत वीस गाड्या करत असेल, तर तुमची फडकी त्याला द्या आणि कोरडी गाडी पुसू नकोस म्हणून सांगा. याने जेवढा रंग वाचतो तेवढा कुठल्याच बाटलीने वाचत नाही. भांडी घासायचं लिक्विड वापरू देऊ नका, त्याने लावलेलं वॅक्स धुऊन निघतं.

काही जागा सगळ्याच स्प्रेंना वर्ज्य. डॅशबोर्ड पॉलिश रंगावर नको, रंगाचं वॅक्स समोरच्या काचेवर नको, पावसात वायपर कुरकुरतात आणि चिकट पडदा दिसतो. ब्रेकच्या डिस्कजवळ फवारायचं नाही. मॅट फिनिशच्या गाडीवर पॉलिशही नको आणि वॅक्सही नको, तिथे फक्त मॅटसाठीचीच बाटली.

आणि ज्यांनी नुकतंच डेंटिंग-पेंटिंग करून घेतलंय, त्यांनी त्या पॅनेलवर दोन महिने तरी काहीच लावू नये. आतली रसायनं उडून जाईपर्यंत नव्या रंगाला मोकळं राहू द्यावं लागतं, तोवर साधा शाम्पू आणि पाणी पुरे. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीला हे लागू नाही, तिचा रंग कारखान्यातल्या भट्टीत पक्का झालेला असतो. उलट, पेंटिंगला गाडी द्यायची असेल तर आधी सिलिकॉनवाला स्प्रे मारलाय हे पेंटरला सांगा. पत्र्यावर सिलिकॉन राहिलं तर नवा रंग तिथे धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि त्याला पुन्हा सगळं घासून सुरुवात करावी लागते.