माशाचं वय: खवला वाचावा की कानातला खडा?

गळाला लागलेला मासा सोडायचा असेल, तर खवलाच बरा. हात ओले करून पाठीच्या पराखालचे दोन-तीन खवले चिमट्याने काढायचे, मासा पाण्यात सोडायचा. घरी खवले धुऊन, वाळवून भिंगाखाली धरले की कडेकडेने दाटत गेलेली वलयं दिसतात. पण गळून पुन्हा उगवलेल्या खवल्याचं मधलं पानच कोरं असतं. त्यात थंडीत वाढ मंदावली की वर्षाचं वलय उमटतं, पण आपल्याकडे कडाक्याचा हिवाळा नाही. वलय वर्षाचं की विणीचं, यावर वाद घालत बसा!

कानातला खडा मात्र आयुष्यभर वाढतो, झिजत नाही. पातळ काप घासून पाहिला की वर्षं मोजता येतात. अडचण एकच, त्यासाठी मासा मारावा लागतो.

अमेरिकेतला बिगमाउथ बफेलो मासा फार तर 26 वर्षं जगतो, अशी समजूत होती. 2019 मध्ये खड्यांवरून एकाचं वय 112 निघालं! म्हणून मी मोठा मासा खवल्यांच्या भरवशावर ‘तरुण’ ठरवत नाही. म्हातारा मासा खवल्यावर बहुतेकदा वयाने लहान दिसतो. मधल्या आकाराचे एक-दोन घरी आणतो, थोराड सोडतो. खडे काढतो ते फक्त कालवणात जाणाऱ्यांचे.