चार महिन्यांचा 'आजार' आणि माझे 81,218 रुपये

99, 1,499, 24,800, 18,500, 31,600 आणि शेवटी 4,720. एकूण 81,218 रुपये. हे आकडे मला पाठ झालेत, कारण गेल्या काही महिन्यांत मी ते पाच वेगवेगळ्या टेबलांसमोर म्हणून दाखवलेत आणि प्रत्येक टेबलाने मला पुढच्या टेबलाकडे पाठवलंय. मी अकाउंट्समध्ये काम करते. दुसऱ्याच्या बिलातला दोन रुपयांचा फरक मला लगेच दिसतो. म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते. पण आत्ताही कुणीतरी रात्री अंथरुणात पडून, मूल व्हावं म्हणून, तो 99 रुपयांचा वेबिनार भरत असेल, हे डोक्यातून जात नाही.

असले वेबिनार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. दीड तास गोड बोलणं, बाळांचे फोटो, रडत रडत आभार मानणाऱ्या बायका, आणि शेवटी 'रात्री बारापर्यंतच' असलेली सवलत. मलाही माहीत होतं. तरीही गेले. माझं वय 31, नवऱ्याचं 34. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि जूनपासून आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवलं होतं. ऑक्टोबरपर्यंत चार वेळा पाळी आली. त्यातच जावेचं डोहाळजेवण झालं. तिथे ओटी भरताना तीन जणींनी मला विचारलं, 'तुझी गोड बातमी कधी?' त्या रात्री मी पैसे भरले. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनेही भरले असते, असं मी अजूनही म्हणेन.

1,499 रुपयांत 'वैयक्तिक सल्ला' होता. फोनवर एक बाई. आवाज मायेचा, दर वाक्याला 'ताई'. तिने विचारलं, किती महिने प्रयत्न करताय? मी म्हटलं, चार. ती गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, 'चार महिने... ताई, आणि तुम्ही आत्ता फोन करताय?'

तो फोन मी तिथेच ठेवायला हवा होता. तो प्रसंग मी शंभर वेळा आठवलाय. बाल्कनीत उभी होते, हातात कपड्यांचे चिमटे होते, आणि ती गप्प झाल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. चार महिने म्हणजे काहीच नाही, हे नंतर मला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एका मिनिटात सांगितलं. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना वर्षभरात दिवस जातात, आणि उरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, तर डॉक्टर वंध्यत्वाच्या दृष्टीने तपासायला लागतात. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल, पाळी फारच अनियमित असेल किंवा आधीचा काही आजार असेल, तर लवकर जायचं, सहा महिन्यांतच. मी यातल्या कशातच बसत नव्हते. त्या फोनवरच्या बाईला हे नक्की ठाऊक होतं, कारण ते ठाऊक नसतं तर ती बरोबर त्या जागी गप्प झाली नसती. तिने मला औषध विकायच्या आधी आजार विकला.

मग 24,800 रुपयांचं 'बीजशुद्धी' किट आलं. 90 पुड्या, दोन डबे. डब्यावर घटक म्हणून फक्त 'विशेष मिश्रण', बॅच नंबरची जागा कोरी, परवाना क्रमांक म्हणून अन्नपदार्थांवर असतो तसला एक नंबर. घरात मसाल्याचं पाकीट आणलं तरी मी मागची बाजू वाचते. हे वाचलं नाही. किटबरोबर नियमांचा कागद होता: पहिले 45 दिवस संबंध ठेवायचे नाहीत, त्यानंतर दर महिन्याला फक्त चौदाव्या दिवशी.

माझी पाळी 33 दिवसांची आहे. बीजांड साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडतं, म्हणजे माझं एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास. पुरुषबीज शरीरात जास्तीत जास्त पाचेक दिवस टिकतं, बीजांड फार तर एक दिवस. म्हणजे ते फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच खरा काळ. 28 दिवसांची पाळी असणारीला चौदावा दिवस ठीक असेल, माझ्या बाबतीत तो अगदी काठावरचा होता. 45 दिवस पूर्ण बंद आणि पुढे महिन्यातून एकच दिवस! मूल हवं म्हणून पैसे भरून आम्ही मूल होण्याचे दिवस घालवत होतो. कॅलेंडर डोळ्यांसमोर घेऊन बसूच नका. पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या, तेवढं पुरतं. नंतर पाय वर करून पडून राहण्याचीही गरज नाही.

आता तपासण्या. 18,500 रुपयांत घरी येऊन रक्त नेलं, 62 तपासण्यांची यादी दिली. त्यातल्या एएमएच नावाच्या संप्रेरकाच्या आकड्यावर लाल गोल केला होता, 2.1. 'तीनच्या वर हवं ताई, अंडी संपत आलीत.' मी त्या रात्री झोपले नाही. माझ्या वयाला 2.1 हे व्यवस्थित आहे. शिवाय तो आकडा अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देतो, आपोआप दिवस राहतील की नाही हे सांगत नाही. आणि 62 तपासण्यांत नवऱ्याची एकही नव्हती. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. सीमेन म्हणजे वीर्याची तपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त, दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, झालं. नवरा तंबाखू खातो का, हेही कुणी विचारलं नाही. तो खायचा.

मध्येच एकदा ती बाई म्हणाली, 'मुलगाच हवा असेल तर वेगळी पुडी आहे, 11,000 जास्त.' मी तिला झापलं. 1994 च्या कायद्याने लिंगनिवडीची जाहिरातसुद्धा गुन्हा आहे, असं मीच तिला ऐकवलं. ती लगेच 'सॉरी ताई' म्हणाली आणि मी परत तिच्याशी बोलत राहिले. जी बाई मुलगा होण्याची पुडी विकते तिची दुसरी पुडी खरी असेल, असं मला का वाटलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

जानेवारीत पाळी चुकली. 40 दिवस झाले, 44 झाले. घरी तीनदा टेस्ट केली, तिन्ही वेळा एकच रेघ. तिला कळवलं तर तिचा व्हॉइस मेसेज आला, तो माझ्याकडे अजून आहे: 'अभिनंदन ताई, लक्षणं उत्तम आहेत. आपल्या पुड्या चालू असताना बाजारातली टेस्ट दाखवत नाही. आता स्थिरीकरण किट दोघांनीही लगेच सुरू करा.' किंमत 31,600. पगार व्हायला तीन दिवस होते, म्हणून मी तीन दिवसांनी भरले. दरम्यान आईला फोन करून सांगितलं होतं. आई रडली होती.

48 व्या दिवशी, म्हणजे पैसे भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पाळी आली. ती बाई म्हणाली, 'राहिलं होतं ताई. तीन दिवस उशीर केलात म्हणून टिकलं नाही.'

महिनाभर मी हे खरं मानलं. 31,600 रुपयांसाठी तीन दिवस थांबले म्हणून माझं बाळ गेलं, असं समजून मी ऑफिसला जात होते, डबा भरत होते. नवऱ्यालाही सांगितलं नाही. बाकी पैशांचं मी सोडून देईन एकवेळ. या एका वाक्याबद्दल त्या बाईला मी कधीही माफ करणार नाही.

शेवटी मार्चमध्ये मी 600 रुपये देऊन साध्या ओपीडीत गेले. डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं, डबा हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाल्या, 'यात काय आहे हे मी सांगू शकत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही. म्हणूनच हे घ्यायचं नसतं.' लघवीची टेस्ट एचसीजी हे एकच संप्रेरक शोधते. गर्भ रुजला की ते तयार होतं आणि दिवसेंदिवस वाढतं. पाळी अकरा दिवस चुकलेली असताना तीन टेस्टमध्ये ते नाही, तर गर्भ असल्याची काहीच खूण नव्हती. ताणाने पाळी पुढे गेली असेल, पुड्यांत एखादं संप्रेरक असलं तर त्यानेही गेली असेल. मी तिथे टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्यांनी मग मला जे विचारलं ते त्या पाच महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नव्हतं. फॉलिक अॅसिड घेते का? रोज 400 मायक्रोग्रॅम, प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने. बाळाच्या मेंदूचे आणि मज्जारज्जूचे दोष टाळायला. मेडिकलमध्ये ही गोळी अगदी स्वस्त मिळते. रुबेलाची लस झालीय का? नसेल तर ती आधी घ्यायची आणि त्यानंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, दोघांची थॅलेसेमियाची तपासणी. आणि नवरा कुठाय?

नवरा त्या 'स्थिरीकरण' किटमधल्या कॅप्सूल खात होता. त्या ताबडतोब बंद. पुरुषांच्या 'शक्ती'च्या औषधात बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिसळलेलं असेल, तर शरीराचं स्वतःचं शुक्राणू तयार करणंच मंदावतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याच्या रिपोर्टमध्ये मिलिलिटरला 1.1 कोटी आले, कमी. कॅप्सूलमुळे की तंबाखूमुळे की आणखी कशाने, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि मला ते आवडलं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा दोन्ही बंद ठेवून परत तपासा म्हणाल्या. तीन महिन्यांनी 3.4 कोटी आले.

आणि आता ती टेबलं.

पोलीस ठाण्यात तीन तास बसवलं. मग भर खोलीत, दोन आरोपी आणि एक चहावाला उभा असताना, मोठ्या आवाजात विचारलं, 'पाळी कधीपासून चुकली होती?' माझी तक्रार होती पैशांची आणि खोट्या औषधाची! वर सल्ला: 'वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी? ग्राहक आयोगाकडे जा.' औषधांच्या कार्यालयात डब्यावरचा नंबर बघून म्हणाले, हे औषध नाही, अन्न आहे. अन्नवाल्यांनी माहितीपत्रक बघून सांगितलं, यात तर वंध्यत्व बरं करण्याचा दावा आहे, हे औषधवाल्यांचं. मी दोघांच्या मधल्या जिन्यात उभी. औषधं आणि जादुटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्याच्या यादीत स्त्रियांचं वंध्यत्व स्पष्ट लिहिलेलं आहे, पाळीचे विकार लिहिलेले आहेत. अशी जाहिरात करणंच बेकायदा. सत्तर वर्षं कायदा आहे, आणि मी प्रिंट काढून नेल्यावर साहेब म्हणाले, 'ठेवून जा, बघतो.' पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार नऊ दिवसांनी आपोआप 'निकाली' निघाली, कारण विक्रेत्याने 'ग्राहक समाधानी' असं लिहून पाठवलं होतं. माझं समाधान मला न विचारता नोंदवलं गेलं.

याच धावपळीत एक फोन आला, परतावा मंजूर झालाय म्हणून. प्रक्रिया शुल्क 4,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 720. हिशेब बरोबर होता, पावती नीट होती, आणि मी इतकी दमले होते की कुणीतरी एकदाचं 'मंजूर' म्हणालं हेच मला पुरलं. भरले. पैसे परत मिळायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, कधीच नाही, कुणालाच नाही. एकदा फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात असं आता मला वाटतं, कारण त्याला माझ्या किटची तारीखसुद्धा माहीत होती. असं झालं तर पहिल्या तासाभरात 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा. मी लाजेने दोन दिवस थांबले, तोवर रक्कम पुढच्या खात्यांतून निघून गेली होती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात मी स्वतः तक्रार दाखल केलीय. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. व्हॉइस मेसेज, पावत्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलंय. पहिली तारीख लागली तेव्हा समोरून कुणी आलं नाही. जाहिरात मात्र चालू आहे, नाव बदलून, तीच रडणारी बाई, तेच 99 रुपये.

तुमच्या घरात असला डबा असेल तर रागाने फेकून देऊ नका. मी पहिला फेकला आणि आता रडतेय. झाकण, पुड्या, कुरिअरची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. आणि ज्यांना कुणी 'तुमच्यामुळे टिकलं नाही' असं सांगितलंय, त्यांनी तेवढ्यासाठी तरी एकदा खऱ्या डॉक्टरकडे जा. आईला मी अजून सांगितलेलं नाही की तेव्हा काही नव्हतंच.