गरोदरपणातलं घरचं बीपी मशीन: मशीनला साडेतीन स्टार, पट्ट्याला अर्धा

मशीनसोबत आलेला दंडाचा पट्टा मला लहान पडतो, तो बदलून द्या, ही माझी तक्रार कंपनीने परवा 'निराकरण झाले' म्हणून बंद केली आणि लगोलग 'आमची सेवा कशी वाटली?' असा मेसेज पाठवला. उत्तर लिहायला बोटभर रकाना. त्यात माझं म्हणणं मावत नाही, म्हणून इथे सविस्तर.

स्क्रीन केवढी, सेल किती लागतात, मेमरी किती हे तुम्हाला ठाऊक असणारच. दंडावर गुंडाळायचं, बटण दाबायचं, तीन आकडे. ब्रँडचं नाव लिहीत नाही. दुकानात इतरांची खोकीही पाहिली होती, जी पाहिली त्या सगळ्यांत हाच घोळ होता.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज, सगळी मोजायची साधनं. कॅलिब्रेशनची, म्हणजे साधन बरोबर मोजतं का ते तपासायची, तारीख उलटलेलं गेज सापडलं की त्याला लाल स्टिकर लागतं आणि त्याने मोजलेला अख्खा लॉट अडकवून ठेवतात. त्यामुळे पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी '१३८/८८, घरी बीपी बघत जा' असं फाईलवर लिहिलं, तेव्हा मेन रोडवरून मशीन आणून मी सगळ्यात आधी पट्ट्यावरची बारीक अक्षरं वाचली. २२ ते ३२ सें.मी. खांद्याच्या हाडापासून कोपरापर्यंतचा मध्य काढला आणि शिलाईच्या टेपने दंड मोजला. ३४.

पैसे दिले होते, म्हणून पट्टा तरीही लावला. वेल्क्रो जेमतेम चिकटलं आणि आकडा आला १४८/९४. वीस आठवड्यांनंतर १४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा गेलं की डॉक्टर सावध होतात, हे तोवर वाचून झालं होतं. नवऱ्याने गाडीची किल्लीच हातात घेतली. मी म्हटलं, थांब. गेज चुकीचं आहे, जॉब (मोजायची वस्तू) नाही.

पट्ट्याच्या आत जी रबरी पिशवी असते, तिने दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढायला हवा. पिशवी आखूड पडली की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि तो जादा दाब मशीन तुमच्या नावावर लिहून टाकतं. म्हणजे लहान पट्टा, मोठा आकडा. मोठा पट्टा वेगळा मिळतो. किंमत मशीनच्या जवळजवळ निम्मी, दुकानात नाही, ऑनलाइन मागवा. माझी तक्रार एवढीच होती की खोक्यातला पट्टा परत घ्या, वरचे पैसे घ्या आणि मोठा द्या. उत्तर आलं की पट्टा हा 'ॲक्सेसरी' असून तो बदलून मिळत नाही. ताशी शंभराच्या वर वेग जात नाही म्हणून कुणी गाडी परत करत नाही, पण चाकच बसत नसेल तर करतात की नाही? शेवटी साडेनऊशे रुपये टाकले. अजून चरफडते.

आता खरा मुद्दा. पुढच्या तपासणीला मी सिस्टरना म्हटलं, मोठा पट्टा लावा. "मॅडम, एकच आहे." गंगापूर रोडचं हॉस्पिटल, लॉबीत मोठा मत्स्यालय, आणि पट्टा एकच! तो पट्टा ओळीने सगळ्यांना लागत होता, तोही कुर्तीच्या बाहीवरून. जिना चढून आलेली बाई स्टुलावर टेकते ना टेकते तोच मशीन सुरू, आणि त्याच वेळी प्रश्न: शेवटची पाळी कधी, आयर्नची गोळी घेता का? खरं तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर ठेवून आणि तोंड बंद ठेवून बीपी घ्यायचं असतं. मी वाद घातला. रिसेप्शनवरच्या मुलीने 'ही कोण आली' अशा नजरेने पाहिलं. शेवटी आयसीयूच्या खणातून मोठा पट्टा निघाला, वेल्क्रो मेलेलं, मायक्रोपोर टेप गुंडाळून लावला. १२६/८०. त्या दिवशी गोळी सुरू होणार होती, ती टळली.

मला भीती वाटते ती मात्र माझ्यासारख्या जाड दंडांची नाही. आम्ही फार तर उगाच घाबरतो. आमच्या कंपनीत पॅकिंगला एक मुलगी आहे, माहेर पेठ या आदिवासी तालुक्याकडचं, तीही त्याच वेळी गरोदर. तिचा दंड टेपने मोजला तर २१. खोक्यातला पट्टा २२ पासून सुरू होतो, म्हणजे आम्ही दोघी एकाच मशीनच्या दोन टोकांना बाहेर. आणि पट्टा मोठा पडला की उलट होतं, आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड बाईला खोटी धास्ती, तर बारीक बाईला खोटा दिलासा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्या बायकांत किती जणींचे दंड असे असतील? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. आमची ही मुलगी तिथे नेमाने जायची. बीपी दर वेळी छान यायचं. मी तिला टेप दिला आणि लहान पट्टा मागायला शिकवलं. ती लाजली, पण मागितला, आणि मिळाला! नॉर्मलच निघालं. पुढे तिचं बाळंतपणही सरकारीतच झालं, औषधं, जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून, एक रुपया न देता. माझं बिल मी इथे लिहीत नाही.

नवरा म्हणायचा, तू फार करतेस, महाराष्ट्र यात पुढे आहे. आहेच. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत (सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या पाहणीत) राज्याचं माता मृत्यू प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. केरळचं १९, हे मी त्याला ऐकवलं. शिवाय ३३ ही सरासरी. तिच्यात गंगापूर रोड आला तसा सुरगाणाही आला.

तोवर माझा रिव्ह्यू ठरलेला होता: पट्टा वाईट, मशीन उत्तम. मोठ्या पट्ट्याने आकडे सरळ येत होते, सकाळ-संध्याकाळ वहीत उतरवत होते. नवव्या महिन्यात ते मत बदललं.

सदतिसाव्या आठवड्यात डोकं दुखायला लागलं. गोळीने राहीना. डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होत होतं, चेहरा सुजलेला. मशीन म्हणालं १३६/८८. आई सिन्नरहून आलेली होती. ती म्हणाली, मशीन काय सांगायचं ते सांगू दे, तुझं तोंड बघ आरशात. गेलो. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी घड्याळवालं मशीन आणि स्टेथोस्कोप लावून हाताने घेतलं: १५४/१०२. लघवीत प्रोटीन दोन प्लस. त्यांनी सांगितलं ते मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलं नव्हतं. ही स्वयंचलित मशीन धमनीतल्या कंपनावरून हिशोब मांडतात, आणि प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून झटक्यांपर्यंत जाऊ शकणाऱ्या आजारात, तो हिशोब बऱ्याचदा खाली घसरतो. त्या आजारात तपासून पास झालेली मॉडेलं मोजकीच आहेत. म्हणजे गरोदर बाईने ज्या कारणासाठी मशीन घ्यायचं, नेमक्या त्याच वेळी ते कमी दाखवणार! इथे एक स्टार कापला. खोक्यावर पोटाशी हात धरलेल्या बाईचा फोटो आहे, त्यासाठी आणखी अर्धा कापणार होते, पण पुढचं वाचा.

हॉस्पिटलबद्दलचं मत मात्र उलट्या दिशेने गेलं. निवडताना आम्ही 'मान्यता'चं प्रमाणपत्र पाहिलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेची ही योजना, खासगी प्रसूतिगृहांसाठी १६ निकष. सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' ही तशीच योजना आहे. प्रमाणपत्रावर माझा विश्वास नव्हता. आमच्या कंपनीच्या भिंतीवरही प्रमाणपत्रं आहेत, आणि ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं कशी भरली जातात ते मी जाणते.

मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. औषध स्वस्त आणि जुनं. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर झालेल्या 'मॅगपाय' चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्यावर आणला होता. पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणून दर डोसाआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, मिनिटाला श्वास १६ तरी आहेत का, लघवी तासाला ३० मिली तरी होते का. कंबरेतलं ते इंजेक्शन इतकं जळजळतं की मी सिस्टरना काय काय बोलले ते त्यांनाच विचारा. पण रात्री तीन वाजताही ती हातोडी बाहेर यायची. घड्याळात बघून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायच्या, आणि मोजल्यावर त्याच क्षणी, उभ्या उभ्या, तक्त्यात लिहायच्या. मी मान वळवून बघत होते की पुढचे रकाने आधीच भरलेत का. नव्हते. उताऱ्याचं कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये काढून ठेवलेलं. वीस वर्षांच्या नोकरीत इतकी प्रामाणिक रीडिंग शीट मी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी पाहिली त्यांना कारखान्याचा अनुभव नाही असं मी म्हणेन.

कळा येण्याची औषधं दिली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. आई शेजारी होती; बाळंतिणीजवळ घरचं एक बाईमाणूस ठेवायची मुभा सरकारी दवाखान्यांतही २०१६ पासून आहे, पण बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. तेव्हाच आणखी एक गोष्ट बघितली. माझ्याखाली प्लॅस्टिकची एक शीट होती, तिला पिशवी आणि पिशवीवर मिलीच्या रेघा. सिस्टर मोठ्याने आकडा सांगायच्या, दुसरी लिहायची. "साडेतीनशे." आईच्या वेळी चादर किती भिजली यावरून ठरायचं. डोळ्यांचा अंदाज बहुतेकदा कमी निघतो, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ५०० मिलीच्या वर गेला हे वेळेत कळलं नाही तर बाई हातातून जाते. अशी पिशवी आणि ती धोका दाखवताच गर्भाशयाला मसाज, इंजेक्शन, सलाईन, रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्सॅमिक ॲसिड आणि तपासणी एकदम सुरू करायची शिस्त, यावर आफ्रिकेतल्या चार देशांत मोठा अभ्यास झाला. २०२३ च्या निकालात गंभीर रक्तस्राव आणि त्यातून येणारे अनर्थ मिळून ६० टक्क्यांनी घटले. ही मोजपट्टीच आहे, दुसरं काय?

घरी सोडताना मात्र पुन्हा तेच. डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसी, टाके, डिंकाचे लाडू बेताने खा, आणि माझी पुढची भेट थेट सहाव्या आठवड्यात. बीपीचं अक्षर नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात दाब सर्वांत वर चढतो, झटके तेव्हाही येऊ शकतात. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईचं बीपी साताठ-दहा दिवसांच्या आत पुन्हा बघा असा अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. येणारा-जाणारा बाळाचं नाक बघतो. आईचं बीपी कोण बघणार?

इथे मशीनने पैसे फेडले. निघायच्या आधी मी ते वॉर्डात मागवलं होतं आणि डॉक्टरांच्या मागे लागून हाताने घेतलेल्या आकड्याशी ताडून घेतलं होतं. सलग तिन्ही वेळा वरचा आकडा दहा-बारा कमी. कॅलिब्रेशन स्टिकरसारखी चिठ्ठी डकवली: 'कमी दाखवतं'. डॉक्टर हसले. म्हणाले, चिठ्ठी ठेवा, पण डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर आकडा न बघता या. घरी आल्यावर पाचव्या दिवशी मशीन १४६/९६ म्हणालं. दुखत काहीच नव्हतं. चिठ्ठी वाचली आणि फोन केला. परत बोलावलं, निफेडिपिन हे बीपीचं औषध सुरू झालं. अंगावर पाजताना चालतं ते. एका कमी दाखवणाऱ्या मशीनने मला वेळेत उठवलं. कापायचा राखलेला अर्धा स्टार तिथे वाचला.

मधल्या काळात बाळाच्या लसीला गेले, तर ओपीडीच्या टेबलाला शिलाईचा टेप बांधलेला आणि शेजारी तीन मापांचे पट्टे. माझ्यामुळे का, ठाऊक नाही. त्याच सिस्टरनी मला ओळखलं. "या, पट्टेवाल्या मॅडम."

घेणाऱ्यांसाठी: आधी दंड मोजा, मग मशीन. दंड २२ ते ३२ मध्ये असेल तर खोक्यातला पट्टा पुरेल. गरोदर असाल तर मशीन दवाखान्यात नेऊन हाताच्या आकड्याशी ताडून घ्या, नाही म्हणाले तरी. मेमरीवर विसंबू नका, सेल काढले की माझी तारीख १ जानेवारीवर जायची, वही बरी. गोळ्या आता बंद आहेत. नवरा म्हणतो, ओएलएक्सवर टाक. टाकणार नाही, कारण प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढेही बीपीचा आणि हृदयाचा धोका जास्त असतो.

सध्या ते नणंदेकडे दिंडोरीला आहे. तिला सहावा लागलाय, दंड २८, तिला कंपनीचा पट्टा व्यवस्थित बसतो. मोठा पट्टा मी दिलेला नाही. साडेनऊशे रुपये आहेत ते.