लंगोट सुटल्यावर: वर्दी की तालीम?

कुस्ती थांबली की मल्लापुढे दोन वाटा: पोलिसाची वर्दी, नाहीतर तालमीत वस्ताद होऊन पोरं घडवणं. विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा उचलली, पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. वर्दी म्हणजे ठरलेला पगार, घरच्यांचा जीव भांड्यात. बंदोबस्तात सराव मात्र बुडतो.

जुने मल्ल काका पवार यांनी धरली वस्तादकीची वाट. त्यांचा पठ्ठ्या राहुल आवारे २०१८ला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेऊन आला (गंमत म्हणजे तोही पुढे पोलिसातच गेला!). तालमीत पैशाचा भरवसा नाही. बदाम-दुधाच्या उधारीत अर्धा महिना जातो. पण पहाटे हौद्यातली माती उकरताना, पोराचा चुकलेला पटाचा डाव दुरुस्त करताना जुना मल्ल जागा होतो.

मला विचाराल तर तालीमच. वर्दीत जोर-बैठका थांबल्या आणि खुराक तोच राहिला, की वर्षात पोट सुटतं.